मिरची सिस्टरवरचा सूड

पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात दोन सिस्टर होत्या आणि दोघींना नावं पेशंटांनीच ठेवली होती. एक साखर सिस्टर. ती यायची तीच मुळी "काय म्हणतोय माझा राजा?" असं विचारत, मग राजाचं वय सत्तरीच्या पुढे का असेना. दुसरी मिरची सिस्टर. तिच्याबद्दल वॉर्डाचं एकमत होतं, आणि ज्या वॉर्डात पंखा किती वेगाने फिरवायचा यावर रोज तंटा होतो, तिथे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

खिडकीजवळच्या खाटेवर टेलर मास्तर होते. दुकानातल्या स्टीम प्रेसचा पाइप फुटला आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत भाजून निघाला. उभं आयुष्य कोट शिवण्यात गेलेलं. हॉस्पिटलच्या कपड्यांवरसुद्धा मापाची टेप गळ्यात असायची. ती काढली की गळा उघडा वाटतो म्हणायचे. भरती झाल्या झाल्या त्यांनी हॉस्पिटलच्या पायजम्याची शिवण सगळ्यांना दाखवून ज्याने शिवला त्याचा उद्धार केला होता. अशा माणसाची आणि मिरची सिस्टरची गाठ पडली, मग काय विचारता.

"मास्तर, माझ्या मामांनी तुमच्याकडून कोट शिवून घेतला होता म्हणे," खाटेभोवतीचा पडदा ओढत मिरची सिस्टर म्हणायची.

"मग? झकास बसला असेल."

"बसला ना. मामा उठले तरी तो बसलेलाच."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "अहो बाई, माझ्या हातचा एकही कोट आजवर दुरुस्तीला परत आलेला नाही!"

"येईल कसा? घालणाऱ्याला तो घालून घराबाहेर पडायची लाज वाटत असेल."

"तुमच्या मामांचे खांदेच वाकडे असतील! एक खांदा पडका असला की आत पॅड घालावं लागतं, आणि तुमच्या मामांनी त्याचे पैसे वाचवले असतील..." मास्तर असे सुटायचे ते खांद्यावरून कॉलरवर, कॉलरवरून अस्तरावर. अस्तर संपेपर्यंत पायाला कोरं बँडेज बांधून झालेलं असायचं आणि मिरची सिस्टर ट्रॉली खडखडवत पुढच्या खाटेकडे निघालेली असायची. मग दिवसभर मास्तर सगळ्या वॉर्डाला सांगायचे, आज तिची कशी बोलती बंद केली.

सगळ्यांची हीच रड होती. शेजारच्या खाटेवर बसमधले रिटायर्ड कंडक्टर होते, पोटाच्या ऑपरेशनची जखम पिकली म्हणून अडकलेले. ती त्यांच्या बसबद्दल बोलायची. पलीकडे एक वकीलसाहेब होते, ती त्यांच्या हरलेल्या खटल्यांची चौकशी करायची. प्रत्येकाला वाटायचं, या बाईचं माझ्याशीच काय वाकडं आहे देव जाणे.

त्या आठवड्यात मेट्रन मॅडम राउंडला आल्या. बाई मनाच्या चांगल्या होत्या, फक्त त्यांना बोर्ड लावायची भारी हौस. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये "हळू चाला", "हळू बोला" इथपासून "हसा, हसण्याने जखम भरते" इथपर्यंत सगळं लावलेलं होतं. हा शेवटचा बोर्ड पोटाला टाके पडलेल्यांच्या खाटांसमोरच होता.

"रुग्णसेवेचा सन्मान द्यायचा आहे," मेट्रन म्हणाल्या. "पेशंटांनीच सांगायचं. सगळ्यांत मायाळू सिस्टर कोण?"

"साखर सिस्टर!" वॉर्ड एका सुरात म्हणाला.

एवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले. त्यांनी उशीला टेकून गळ्यातली टेप सरळ केली आणि सगळ्यांच्या वतीने जाहीर केलं, "आणि त्या मिरची सिस्टरला इथून हलवा, मॅडम. एक वेळ दुखणं परवडलं, पण ती बाई नको."

कंडक्टर म्हणाले, "बरोबर." वकीलसाहेब म्हणाले, "दुजोरा देतो." मेट्रननी मान हलवली. "तक्रारी माझ्याही कानावर आहेत. आठवडा संपला की त्यांना चादरींच्या स्टोअरला पाठवते. तिथे भांडायला कुणी नाही." मास्तर इतके खूष झाले की त्या संध्याकाळी बेचव खिचडीसुद्धा त्यांनी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मिरची सिस्टरची सुट्टी होती. ड्रेसिंगला साखर सिस्टर आली. "घाबरायचं नाही हं राजा," म्हणत तिने जखमेला चिकटलेलं गॉज सलाईनने भिजवलं आणि धाग्याधाग्याने सोडवायला घेतलं. "दुखतंय का रे? आता? आता दुखतंय?" असं विचारलं की न दुखणारंही दुखतं. मास्तरांनी खाटेचा दांडा धरला, दात आवळले, शेवटी लहान मुलासारखे रडले. त्यांना पाहून साखर सिस्टरही रडली. माया खरी होती, त्यात खोट काढायला जागा नव्हती, पण पायाचा जीव गेला. मास्तरांना वाटलं, जखम चिघळली. आता पाय जातो.

तिसऱ्या दिवशी मिरची सिस्टर परत आली. तिने आधी मास्तरांचं आटपलं, कोटाच्या खिशांवरून कडाक्याचं भांडण करून. मग कंडक्टरांचा पडदा ओढायला गेली तर पडद्याच्या कड्या तुटून अर्धा पडदा खाली लोंबला. तो लावायला वेळ कुणाला होता? तिने तशीच सुरुवात केली आणि मास्तरांना प्रथमच आतलं दिसलं.

शिंप्याची नजर माणसाच्या तोंडाकडे नंतर जाते, आधी हाताकडे. मिरची सिस्टरचे हात काही तोंडासारखे नव्हते. तिने गॉज भिजवलं, वाट पाहिली, पुन्हा भिजवलं. चिमट्याने एक कड हलकेच उचलून पाहिली. तोंड मात्र चालूच.

"काय हो कंडक्टर, स्टॉपवर म्हातारी धावत येताना दिसली की तुम्ही लोक मुद्दाम डबल बेल मारता ना?"

"कोण म्हणतं?" कंडक्टर गरजले.

"सगळं गाव म्हणतं. म्हातारी जितकी हळू, तितकी बेल लवकर."

"अहो, मी गाडी थांबवून म्हाताऱ्यांना हाताला धरून वर घेतलंय!" कंडक्टरांनी छातीभर श्वास घेतला, मान उशीवरून उचलली, बोट तिच्या नाकासमोर नाचवलं, आणि नेमक्या त्याच क्षणी चिमटा एकदाच, लांबलचक, सफाईने फिरला. अख्खं गॉज ट्रेमध्ये पडलं. कंडक्टर म्हाताऱ्यांबद्दलच बोलत राहिले. त्यांना पत्ताही नव्हता.

मास्तर उशीवर टेकले ते टेकलेच राहिले. ही युक्ती त्यांना ओळखीची होती, कारण ती त्यांचीच होती. मापाला उभं राहिलं की जाडजूड गिऱ्हाईक पोट आत ओढून धरतं. तसल्या पोटाचं माप घेतलं तर कोटाची बटणं लागायची नाहीत. पोट सोडा असं तोंडावर सांगता येत नाही, माणूस दुखावतो. म्हणून मास्तर टेप कमरेभोवती टाकून सहज विचारायचे, "जावईबापू काय म्हणतात?" गिऱ्हाईक जावयाबद्दल बोलायला लागलं की पोट आपसूक जागेवर यायचं. तेवढ्यात माप घ्यायचं. दुकानात हे कुणाला शिकवलेलं नव्हतं. आणि इथे ही बाई रोज त्यांच्यावरच तेच करत होती.

म्हणजे पाय काही चिघळला नव्हता. मिरची सिस्टरच्या हातून ड्रेसिंग झालं की दुखायचं नाही, एवढंच. आणि आपण तिलाच चादरी मोजायला पाठवत होतो. भाजलेला पाय कमी होता की काय म्हणून मास्तरांनी त्यावर धोंडाही मारून घेतला होता, आणि एकट्याच्या नव्हे, सगळ्या वॉर्डाच्या. त्यांना स्वतःचीच इतकी शरम वाटली की त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

दुपारी समोरच्या खाटेवर नवा पेशंट आला. बेकरीवाला होता, भट्टीत दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले. धिप्पाड माणूस, पण ड्रेसिंगची ट्रॉली नुसती शेजारून गेली तरी डोळे मिटून घेत होता. "उद्यापरवा हे उघडतील ना हो?" त्याने मास्तरांना विचारलं. "खूप दुखतं का?"

मास्तरांच्या ओठांवर आलं होतं की, घाबरू नका, ती बाई भांडायला लागली की... त्यांनी जीभ चावली. सांगितलं तर संपलंच. भांडण कशासाठी आहे हे कळल्यावर कुणाला राग येणार?

संध्याकाळी बायको भेटायला आली तेव्हा मास्तर म्हणाले, "अगं, मला चाकाच्या खुर्चीत बसव आणि मेट्रनच्या खोलीत ने."

"अहो, आता कुणाची तक्रार?"

"माझीच."

मेट्रननी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "मास्तर, काय सांगताय! हे तर सगळ्या सिस्टरना शिकवायला हवं. सन्मानाच्या भाषणात सांगते. आणि वॉर्डाच्या दारावर बोर्ड लावू, 'येथे आपल्या भल्यासाठी आपल्याशी भांडले जाईल.'"

मास्तरांना घाम फुटला. "मॅडम, जरा उभ्या राहता? युनिफॉर्म कमरेत घट्ट होतोय तुम्हाला. माप घेऊन ठेवतो."

मेट्रन उभ्या राहिल्या आणि अर्थातच पोट आत ओढलं. मास्तरांनी खुर्चीत बसूनच टेप टाकली. "ते मुलीचं लग्न ठरत होतं ना, त्याचं काय झालं?"

"कसलं काय! अहो, तिला एकही मुलगा पसंत पडेल तर शपथ..." मेट्रन मुलांमधल्या खोडी सांगू लागल्या आणि पोट जागेवर आलं. टेप आवळली गेली.

"झालं माप. तुम्हाला बोलतं केलं नसतं तर मिळालं नसतं." मास्तरांनी आकडा काही सांगितला नाही, धंद्याचा धर्म असतो. "आता पुन्हा घेतो. मुलीचं काय झालं म्हणालात?"

"ठरेल सावकाश," मेट्रन श्वास कोंडून म्हणाल्या. पोट हललं नाही.

"बघा, मॅडम. कळलं की संपलं. बोर्ड लावलात तर तुमच्या मिरचीचा तिखटपणा त्या दिवसापासून गेला."

मेट्रन धपकन खुर्चीत बसल्या. बायकोने हसू पदरात लपवलं. थोड्या वेळाने मेट्रन म्हणाल्या, "पटलं. पण माझी पंचाईत समजून घ्या. तिला हलवा असं वॉर्डाने सगळ्यांसमोर सांगितलंय. ठेवायचं असेल तर वॉर्डानेच तसं मागायला हवं. आणि सन्मानही त्यांनीच सांगितला तर देता येईल. मी आपल्या मनाने दिला तर उद्या चौकशी होईल."

खुर्ची ढकलत परत येताना बायको म्हणाली, "झालं ना. आता गुपित फोडल्याशिवाय ती वाचत नाही."

"फोडायचं नाही. सगळ्यांना तिचा राग यायला हवा. आहे त्याहून जास्त."

"राग आणायच्या कामात तुमचा हात कोण धरणार?" बायको म्हणाली, आणि मग चालता चालता थांबली. "पण अहो, तुम्हाला तर कळलंय. तुमच्या पायाचं काय?"

याचा विचार मास्तरांनी केला नव्हता असं नाही. मेट्रनच्या खोलीत दुसऱ्यांदा टेप टाकली तेव्हाच तो मनात येऊन गेला होता. "तू खुर्ची ढकल," ते म्हणाले.

वॉर्डात शिरल्याबरोबर त्यांनी आवाज चढवला. "ऐकलंत का मंडळी? सुटली ती! चादरींच्या स्टोअरला चालली. पंख्याखाली बसून आरामात घड्या घालणार, आणि आपल्याला जे जे बोलली ते पचवून ढेकर देणार."

कंडक्टर उठून बसले. "म्हणजे? मी उद्यासाठी उत्तर तयार केलंय, ते कुणाला देऊ? उशीच्या अभ्र्यांना?"

"शिक्षा म्हणून बढती," मास्तर सुस्कारा टाकून म्हणाले. "आपणच दिली. मीच मागितली."

"अशी कशी जाईल?" वकीलसाहेब म्हणाले. "माझी उलटतपासणी बाकी आहे."

त्या रात्री कंडक्टर झोपेतसुद्धा "मी म्हाताऱ्यांना हाताला धरून घेतलंय" असं पुटपुटत होते.

सकाळी मेट्रन आल्या तर वॉर्ड तयारच होता. मिरची सिस्टरला कुठेही हलवायचं नाही, तिला इथेच ठेवायचं, आमचं भांडण मिटलेलं नाही, असं एकेक जण तावातावाने सांगू लागला. मेट्रननी कपाळाला आठ्या घातल्या, पण ओठ दाबून धरले होते. "बरं, राहू दे त्यांना. मग सन्मान साखर सिस्टरला?"

"नाही!" मास्तर ओरडले. "सन्मानही तिलाच द्या! सगळ्यांच्या समोर उभं करा, हातात गुच्छ द्या, मायाळू म्हणून नाव पुकारा. आम्ही टाळ्या वाजवू. बघू तरी कोणत्या तोंडाने घेते!"

ही कल्पना कंडक्टरांच्या डोक्यात शिरली आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा मास्तर! जोडे मारायचे ते शालीतले! शरमेने मान खाली जाईल बाईची. द्या, तिलाच द्या!"

"एकमताने," वकीलसाहेब म्हणाले.

नवा बेकरीवाला डोळे विस्फारून ऐकत होता. त्याने तिला अजून नीट पाहिलंही नव्हतं आणि तिच्याबद्दलचा राग त्याच्या मनात जमायला लागला होता. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांना मनापासून बरं वाटलं.

दुपारी वॉर्डातच सन्मान झाला, आणि त्या गडबडीत त्या दिवशीची ड्रेसिंगं उद्यावर गेली. मेट्रननी भाषण केलं नाही. त्यांना ते किती जड गेलं हे फक्त मास्तर आणि त्यांची बायको जाणत होते. "वॉर्डाच्या आग्रहावरून," एवढंच म्हणून त्यांनी गुच्छ पुढे केला. टाळ्या अशा वाजल्या की जणू डास मारतायत. सगळ्यांत जोरात साखर सिस्टरने वाजवल्या आणि ती नेहमीप्रमाणे रडली.

मिरची सिस्टर गुच्छ उलटा धरून उभी राहिली. एकेका खाटेकडे तिने संशयाने पाहिलं. "काय झालंय काय तुम्हा सगळ्यांना?" ती म्हणाली. "कुणीतरी ताप बघा रे यांचा." पण तिचे कान लाल झाले होते. या बाईला इतक्या वर्षांत कुणी दोन चांगले शब्द बोललं नसेल, हे मास्तरांना तेव्हा उमगलं. आजही ते शब्द मास्तरांना तिच्याशी उघडपणे बोलता येत नव्हते. त्यांनी टाळ्या मात्र हात दुखेपर्यंत वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मास्तरांचं ड्रेसिंग होतं, मग बेकरीवाल्याचं. कंडक्टरांचा पडदाही आता दुरुस्त झाला होता. मिरची सिस्टरने गॉज भिजवलं.

"मास्तर, काल तुमच्या दुकानावरून गेले. बाहेर लावलेला कोट पाहून कावळे उडून गेले."

मास्तरांनी राग शोधला. मनाचा कानाकोपरा धुंडाळला. पण त्यांना दिसत होता फक्त तिचा हात, किती हलका, कसा वाट पाहत थांबलेला. आणि हसू यायला लागलं, तेवढ्यात चिमटा फिरला.

दुखणं अख्खं आलं. कशातूनही गाळून न येता, जसंच्या तसं. मास्तरांचा श्वास छातीत अडकला, डोळ्यांतून पाणी आलं. पण पडद्यापलीकडे बेकरीवाला कान देऊन बसला होता, आणि पुढची पाळी त्याची होती. मास्तरांनी दांडा घट्ट धरला आणि जीव खाऊन ओरडले, "कावळ्यांना काय कळतंय कोटातलं! तुमच्या मामांसारखेच ते!"

ओरडणं उशिरा आलं होतं. हाताच्या आधी नव्हे, हातानंतर. मिरची सिस्टरचा चिमटा जागच्या जागी थांबला. तिने प्रथमच काम सोडून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे, दांड्यावरच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे.

"कळलं तुम्हाला," ती अगदी हळू म्हणाली.

मास्तरांनी मान डोलावली.

"आणि तरी सगळ्यांना भडकवलंत."

"तुम्हाला चादरी मोजायला कसं पाठवू?" ते तितकंच हळू म्हणाले.

तिने ओले डोळे खांद्याला पुसले, बाहीवर डाग पडला. "अजून थोडं राहिलंय," ती म्हणाली. "दुखेल."

"दुखू दे," मास्तर म्हणाले. मग पडद्याकडे पाहून त्यांनी खुणावलं, आणि दोघांनी मिळून कोटाच्या कॉलरवरून असं काही भांडण पेटवलं की कंडक्टर शेजारून "हाणा मास्तर, हाणा!" म्हणून ओरडू लागले.

ट्रॉली पुढे गेली. समोरचा पडदा ओढला गेला. मास्तर ठणकणारा पाय धरून पडून राहिले आणि ऐकू लागले. सलाईनची बाटली ठेवल्याचा आवाज. मग तिचा आवाज, तिखट, टोकदार. "तुमचा पाव कालच आणला होता मी. दार अडवायला लावलाय, वाऱ्याने हलत नाही."

मग बेकरीवाल्याची जी गर्जना आली ती जिन्यापर्यंत गेली असेल. पिठाबद्दल, भट्टीबद्दल, वडिलांच्या हाताबद्दल. मध्येच ट्रेमध्ये काहीतरी ओलं पडलं, पुन्हा पडलं. गर्जना थांबली नाही.

पडदा उघडला तेव्हा बेकरीवाला रागाने लाल झाला होता. दोन्ही हातांना कोपरापर्यंत नवीन पांढरीशुभ्र बँडेजं होती. तो तसाच तरातरा मास्तरांच्या खाटेशी आला.

"मास्तर, या बाईला सन्मान दिलात तुम्ही? लाज नाही वाटली?"

"फार दुखलं का?" मास्तरांनी विचारलं.

"काय?" बेकरीवाल्याने गोंधळून आपल्या हातांकडे पाहिलं, जणू ते कुणा दुसऱ्याचे होते. "ते जाऊ द्या हो! ती माझ्या पावाबद्दल काय बोलली, ते ऐकलंत का?"

"ऐकलं," मास्तर म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि त्याला खाटेवर बसायला जागा करून दिली. "उद्या तिला सोडू नका."